टॉम ली : बुडत्याला दिलेला हात आणि काठावरचा समाज

नदीकाठच्या गावांत पुराच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. अमक्याने उडी घेतली, तमक्याची बायकापोरे काढली, कुणी रात्रभर सांगडीच्या खेपा घातल्या. या गोष्टींतला वीर बहुधा नावाडी असतो, कोळी किंवा भोई असतो, नाहीतर गावकुसाबाहेरचा कोणीतरी असतो. हा योगायोग नव्हे. ज्यांचे पोट नदीवर, त्यांनाच तिचा उतार, तिचा भोवरा आणि तिची ओढ ठाऊक असते. ज्यांची घरे सखल जागी, त्यांच्याच दारात पाणी पहिल्यांदा येते. श्रमातून आलेले हे ज्ञान एरवी कुणाच्या खिजगणतीत नसते. आपत्तीच्या वेळी मात्र तेच शौर्य म्हणून नजरेत भरते.

परंतु या लोकवीरांबद्दल एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. पूर ओसरल्यावर त्यांचे काय झाले? ज्या समाजाने त्यांचे कौतुक केले, त्याने या माणसांना परत कोणत्या जागी नेऊन बसवले? आणि त्यांची आठवण ठेवली, ती कोणत्या शब्दांत? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी येथे अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय नदीकामगाराची हकीकत घेतली आहे. त्याचे नाव टॉम ली.

उदाहरण इतक्या लांबचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या चळवळीला हा धागा परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीय आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे कसे मांडणार आहेत याची चौकशी केली. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तेव्हा तिने नावच तिकडून घेतले. विचारवंत आणि संघटना यांच्या या धाग्यात एका साध्या कामगाराची भर घालावी, एवढाच माझा हेतू आहे. कारण त्याच्या कहाणीत आपल्या गावच्या कितीतरी कहाण्यांचा उलगडा होतो.

१. नदी आणि माणूस

मेम्फिस हे टेनेसी राज्यातील शहर मिसिसिपी नदीच्या काठी वसले आहे. ते वाढले कापसाच्या व्यापारावर, म्हणजे पर्यायाने गुलामांच्या घामावर. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तरी नदीवरची अंगमेहनत कृष्णवर्णीयांकडेच राहिली. आगबोटींवर कापसाचे गठ्ठे चढवायचे, उतरवायचे. पूर अडवण्यासाठी नदीच्या दोन्ही अंगांना मैलोगणती मातीचे बांध घालायचे, फुटले की पुन्हा घालायचे. टॉम ली याच कामगारांपैकी एक. त्याचा जन्म १८८५ च्या सुमारास, नदीपलीकडच्या आर्कान्सॉ राज्यातला. बांधाची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तो नोकरीला होता आणि ‘झेव्ह’ नावाची एक लहान मोटारहोडी चालवीत असे.

८ मे १९२५ रोजी त्याने आपल्या मालकाकडच्या माणसाला नदीच्या खालच्या अंगाला हेलेना गावी पोचवले आणि तो एकटाच मेम्फिसकडे परत निघाला. त्याच दिवशी ‘एम. ई. नॉर्मन’ नावाची सरकारी आगबोट नदीत होती. मेम्फिसला स्थापत्य अभियंत्यांची परिषद भरली होती. तिला आलेले अभियंते आणि त्यांची कुटुंबे यांना घेऊन ही बोट नदीच्या सफरीवर निघाली होती. बोटीवर ७२ माणसे होती. मेम्फिसच्या खाली सुमारे वीस मैलांवर ती एका अंगाला कलली आणि बघता बघता उलटली.

टॉम ली नुकताच तिच्याजवळून पुढे गेला होता. मागे वळून पाहतो तो बोट उलटत असलेली. त्याने होडी फिरवली आणि थेट माणसांच्या घोळक्यात घातली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे : टॉम लीला पोहता येत नव्हते. लहान होडीच्या एकाच बाजूला घाबरलेली चारसहा माणसे लोंबकळली, की होडी पालथी होते. तसे झाले असते तर सगळ्यांच्या आधी तो बुडाला असता. तरी त्याने एकेकाला हाताने ओढून आत घेतले, होडी भरली की वाळूच्या दांड्यावर नेऊन सोडले आणि पुन्हा प्रवाहात गेला. अशा पाच खेपा त्याने केल्या. त्याने वाचवलेल्यांची संख्या ३२ झाली. २३ माणसे दगावली. माणसे काठाला लागल्यावरही तो घरी गेला नाही. रात्री प्रेते शोधत नदीवरच राहिला.

त्या संध्याकाळचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. नदीला बांध कसा घालावा हे कागदावर ठरवणारी माणसे पाण्यात होती, आणि ज्यांच्या मेहनतीवर तो बांध उभा राहतो त्यांपैकी एक होडीत होता. एरवी गोऱ्या स्त्रीच्या वाटेत आला म्हणून काळ्या माणसाचा जीव जाऊ शकत होता, अशा मुलखात गोऱ्या स्त्रिया त्याच्या दंडाला धरून वर येत होत्या. बुडणाऱ्याने हाताचा रंग पाहिला नाही. पाण्यात रंग नसतो, जात नसते. ती काठावर असते, आणि माणूस काठावर येण्याची ती वाट पाहत असते.

२. बक्षिसाची मर्यादा

टॉम लीचे नाव देशभर झाले. वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. त्याला वॉशिंग्टनला नेले आणि राष्ट्राध्यक्ष कूलिजने त्याची भेट घेतली. मेम्फिसच्या अभियंत्यांनी वर्गणी काढून त्याला घर घेऊन दिले. ही कृतज्ञता खरी होती. तिची टवाळी करण्याचे कारण नाही. ज्याचा जीव वाचला त्याला जे वाटते, ते ढोंग नसते.

शहराने त्याला नोकरीही दिली. नोकरी होती सफाई खात्यातली, कचरा उचलण्याची.

हे वाचून आपल्या वाचकाला हसावे की रडावे कळणार नाही. परंतु मेम्फिसमध्ये त्या वेळी याचे कुणाला नवल वाटले नसेल. किंबहुना ही नोकरी म्हणजे काळ्या माणसावर उपकारच समजला गेला असेल, आणि महिन्याचा पगार ही टॉम लीच्या दृष्टीनेही लहान गोष्ट नव्हती. मुद्दा नेमका तोच आहे. व्यवस्था शूर माणसाला बक्षीस नाकारत नाही; ती बक्षिसाची कमाल मर्यादा आधीच आखून ठेवते. ३२ जीव वाचवणाऱ्याला घर मिळू शकते, टाळ्या मिळू शकतात, अध्यक्षाची भेट मिळू शकते. त्याच्या जातीला नेमून दिलेल्या कामाबाहेरचे काम मात्र मिळू शकत नाही. जे हात पाण्यात सोन्याचे ठरले, ते जमिनीवर पुन्हा कचऱ्याचेच झाले.

या कौतुकाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. याच मेम्फिसमध्ये १८९२ साली किराणा दुकान चालवणाऱ्या तिघा कृष्णवर्णीयांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून ठार मारले होते. गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याशी त्यांनी स्पर्धा केली, हे त्या प्रकरणाचे मूळ. त्याविरुद्ध लिहिणाऱ्या आयडा बी. वेल्स यांचे छापखान्यासह वर्तमानपत्र उद्ध्वस्त करण्यात आले आणि त्यांना शहर कायमचे सोडावे लागले. १९१७ साली एल पर्सन्स नावाच्या कृष्णवर्णीय लाकूडतोड्याला याच शहराच्या वेशीवर हजारोंच्या जमावासमोर जिवंत जाळले गेले. म्हणजे टॉम लीसाठी टाळ्या वाजल्या, त्याच्या आधी अवघी आठ वर्षे. दुकान काढून बरोबरीला येऊ पाहणारा काळा माणूस मारला गेला. बुडणाऱ्यांना वाचवून परत आपल्या जागी जाणारा काळा माणूस गौरवला गेला. या दोन घटना परस्परविरुद्ध वाटतात, पण त्या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत. आपली जागा सोडशील तर मरशील. आपल्या जागी राहून आमच्या उपयोगी पडशील तर शाबासकी मिळेल.

दोनच वर्षांनी नदीनेच याचा पुरावा दिला. १९२७ च्या महापुरात मिसिसिपीचे बांध फुटले. २१ एप्रिलला माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला, तेव्हा त्यावर वाळूची पोती रचणारे कृष्णवर्णीय मजूर बंदुकीच्या धाकाने कामाला जुंपलेले होते. त्यांतले किती वाहून गेले याची धड मोजदादही झाली नाही. ग्रीनव्हिल गावी हजारो कृष्णवर्णीय बांधाच्या अरुंद पट्टीवर अडकले होते. त्यांना न्यायला बोटी आल्या. पण मजूर एकदा गेले तर कापसाच्या शेतांवर परत येणार नाहीत, या भीतीने जमीनदारांनी त्यांना जाऊ दिले नाही. अंगावर बिल्ले लावून, पहाऱ्यात ठेवून, शिध्याच्या मोबदल्यात त्यांच्याकडून कामे करून घेतली गेली. पाण्यातून इतरांना काढणाऱ्या जमातीला स्वतःला पाण्यातून बाहेर पडण्याचा हक्क नव्हता. त्याच वर्षी, त्याच्या एक महिना आधी, २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण पाणी कोणाचे, आणि पाण्यापासून सुटका कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

३. दगडावरचे विशेषण

टॉम ली १९५२ साली वारला. १९५४ साली नदीकाठच्या एका उद्यानाला शहराने त्याचे नाव दिले आणि तेथे एक उंच दगडी स्तंभ उभारला. त्या काळी मेम्फिसमधील सार्वजनिक उद्याने रंगाप्रमाणे वाटलेली होती. हा भेद तत्काळ संपवा, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९६३ साली त्या शहराला बजावावे लागले. अशा शहरात एका कृष्णवर्णीयाच्या नावाचे उद्यान झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

पण स्तंभावर अक्षरे काय कोरली? नावाखाली पहिलेच शब्द असे, की हा ‘एक अतिशय लायक निग्रो’ होता. पुढे त्याच्या धैर्याची आणि मनाच्या मोठेपणाची स्तुती आहे.

हे शब्द लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. त्याला टॉम लीची थोरवीच सांगायची होती. म्हणूनच हे शब्द तपासले पाहिजेत, कारण माणूस चांगल्या हेतूने बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून व्यवस्था अधिक मोकळेपणाने बोलते. ‘लायक’ म्हणजे कशाला लायक? कोणाच्या मते लायक? लायक ठरवणारा नेहमी वर बसलेला असतो. आणि ‘लायक निग्रो’ म्हणताच बाकीचे निग्रो नालायक, हे न लिहिताच लिहिले जाते. एखाद्या गोऱ्या वीराच्या स्तंभावर ‘एक अतिशय लायक गोरा’ असे कोणी कोरणार नाही. गोरा नुसताच शूर असतो; काळा असूनही शूर, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते.

येथे माझ्या आजाची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्यामुळेच मला टॉम लीचा दगड वाचता आला. आमच्या नदीला एकदा रात्रीतून पूर आला, तेव्हा आजाने भोपळ्यांच्या सांगडीवरून गावातल्या एका वाड्यातली तीन माणसे काढली. त्यांत एक म्हातारी होती. तिला त्याने पाठीवर बांधून आणले. पूर ओसरल्यावर वाड्याने त्याला पागोटे बांधले आणि पदरात दोन पायल्या जोंधळे घातले. मी लहान असताना त्या घरातली माणसे मला पाहून म्हणत, “याचा आजा लई इमानी होता.” आम्हाला त्याचा अभिमान वाटे. पुढे मी कॉलेजात गेलो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. शिक्षणाने इतर काही दिले न दिले, पण प्रश्न विचारायची खोड लावली. एकदा सुटीत घरी आलो असता मी वडिलांना विचारले, “पुरानंतर आजा त्या वाड्याच्या हिरीवर पाणी प्याला का?” वडील थोडे हसले. म्हणाले, “वरनं वतलं आसंल, तवा प्याला आसंल.”

पाठीला पाठ लावून नदी पार करताना जो विटाळ झाला नाही, तो विहिरीपाशी झाला. आणि ‘इमानी’ हा शब्द! आपण तो कुत्र्याबद्दलही वापरतो. आजा शूर होता, नदीचा जाणकार होता, त्याच्याजवळ प्रसंगावधान होते. यांतला एकही शब्द त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या शौर्याची वाड्याच्या सेवेत जमा झाली. मेम्फिसच्या दगडावरचे ‘लायक’ आणि आमच्या गावच्या तोंडातले ‘इमानी’ ही सख्खी भावंडे आहेत.

ही तऱ्हा आपल्याकडे फार जुनी आहे. अमृतनाकाची आख्यायिका महार समाजात घरोघर सांगितली जात असे. बिदरच्या बादशहाच्या बेगमेला संकटातून सोडवून आणण्याचे काम त्याने पत्करले. जाण्यापूर्वी त्याने बादशहाजवळ एक डबी ठेवायला दिली. बेगमेला घेऊन परत आल्यावर संशयाचे बोट उठले, तेव्हा त्याने ती डबी उघडायला लावली. बेगमेच्या अब्रूवर शिंतोडा उडू नये म्हणून त्याने स्वतःचे पुरुषत्व कापून त्या डबीत ठेवले होते. बादशहाने माग म्हटले, तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले, असे ही कथा सांगते.

या बावन्न हक्कांत काय होते? बलुत्याचे धान्य होते, मेलेल्या जनावराचे कातडे होते, प्रेतावरचे कापड होते. म्हणजे एका जिवाची सुटका करणाऱ्या, त्यासाठी आपला वंशच तोडून देणाऱ्या वीराला मिळाला तो मेलेल्यांवरचा हक्क. पुढे याच हक्कांच्या नावाने महारवतन चालले आणि रात्रंदिवस गावकीची राबणूक गळ्यात पडली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते या हक्कांत हक्क नसून दास्य आहे हे ओळखून. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने अखेर रद्द झाली. अमृतनाकाची कथा ज्यांनी रचली त्यांना आपल्या पूर्वजाचे शौर्य सांगायचे होते. पण तीच कथा आपल्या दास्याचे समर्थनही करीत राहिली. ‘हे तुमच्याच पूर्वजाने मागून घेतले,’ असे म्हणायला तिने जागा ठेवली. वीराची आठवण बेसावधपणे जपली, तर ती बेडी होते ती अशी.

४. विशेषणाला मिळालेले उत्तर

टॉम लीच्या कहाणीला पुढे एक प्रकरण जोडले गेले. ते त्याने लिहिले नाही. त्याच्यामागून त्याच खात्यात कचरा उचलणाऱ्यांनी लिहिले.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये पाऊस पडत होता. एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या मोटारीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. पगार तुटपुंजा, यंत्रे मोडकी, संघटनेला मान्यता नाही, या त्यांच्या तक्रारी होत्या. महापौर दाद देईना. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठिंब्यासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली, पगारवाढ दिली, आणि संप मिटला.

या संपात कामगारांनी हातात फलक धरले होते. त्यांवर पगाराचा आकडा नव्हता, यंत्राचा उल्लेख नव्हता. एवढेच होते : ‘मी माणूस आहे.’

हा फलक जगभर प्रसिद्ध आहे. पण तो मेम्फिसमध्ये, नदीकाठच्या त्या दगडाच्या गावात वाचला पाहिजे, म्हणजे त्याचा पुरता अर्थ लागतो. तेथे नातवंडे झालेल्या काळ्या माणसालाही गोरे लोक ‘बॉय’ म्हणत. आपल्याकडे पिकल्या केसांच्या माणसाला वाड्यातले शेंबडे पोर अरेतुरे करते, तसेच. अशा शहरात टॉम लीच्या खात्यातले कामगार, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, रांगेने रस्त्यावर उभे राहून म्हणत होते, की मी माणूस आहे. मी लायक आहे, इमानी आहे, तुमच्या उपयोगाचा आहे, असे नाही. ज्याला माणूस ठरण्यासाठी आधी ३२ जीव वाचवावे लागतात, त्याचे माणूसपण अजून मान्य झालेलेच नसते. वीराला विशेषण मिळते; माणसाला हक्क लागतात. १९५४ च्या दगडाला १९६८ च्या पुठ्ठ्याने दिलेले हे उत्तर आहे.

याचा अर्थ टॉम ली कमी पडला असा मुळीच नाही. त्याला बंडखोर बनवण्याचीही गरज नाही. तो बंडखोर नव्हता; बुडणारी माणसे दिसली आणि त्याने होडी वळवली. त्या क्षणी त्याने रंग पाहिला नाही, मागचा हिशेब काढला नाही. आपल्या माणसांवर कोसळलेल्या अत्याचारांची त्याला माहिती नसेल असे कसे म्हणावे? तरी त्याचा हात आखडला नाही. म्हणूनच नैतिक उंची कोणाकडे होती हे सांगायला त्या शहराच्या प्रशस्तीची गरज नव्हती. मानवता शिकवण्याचा मक्ता घेतलेल्यांपेक्षा ती जगणारा माणूस वेगळ्याच रांगेत उभा होता. दलित साहित्य ज्याला माणूस म्हणते, तो हाच.

५. आपण काय करावे

२००६ साली त्या उद्यानात टॉम लीचे दुसरे स्मारक झाले. ते कांस्यशिल्प आहे. होडीतून वाकून एक माणूस पाण्यातल्या माणसाला हात देतो आहे. शिल्पकाराने विशेषण वापरले नाही, काम दाखवले. जुना स्तंभ आणि नवे शिल्प यांच्यामध्ये अर्ध्या शतकाची चळवळ उभी आहे. स्मारके आपोआप बदलत नाहीत. ती वाचणारे लोक बदलले की स्मारके बदलतात. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ कंपनी सरकारने आपल्या फौजेच्या विजयासाठी उभारला. त्यावरच्या ‘नाक’ शेवटाच्या नावांना वेगळा अर्थ आला, तो १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेल्यानंतर. दगड तोच राहिला, वाचणारे बदलले.

तेव्हा माझी विनंती विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत पुरात, आगीत, दरडीत, विहिरीत उतरून माणसे काढणारे कोणीतरी होऊन गेले आहे. त्यांच्या गोष्टी सांगणारी पिढी झपाट्याने संपते आहे. त्या लिहून घ्या. पण लिहिताना नुसती उडी लिहू नका. त्या माणसाचा रोजचा धंदा कोणता होता? नदीचे, दोराचे, सांगडीचे ज्ञान त्याला कोणी दिले? कोण वाचले? बक्षीस काय मिळाले, आणि काय मिळाले नाही? गाव त्याला कोणत्या शब्दाने आठवते, आणि त्याच्या घरातली माणसे कोणत्या शब्दाने? या दोन शब्दांत जे अंतर सापडेल, तोच आपला सामाजिक इतिहास. आणि बायकांना विचारायला विसरू नका. पाण्याला रोज जाणारी ती होती. तिने काढलेली पोरे गावाच्या गोष्टीत क्वचितच येतात.

शेवटी, हा विषय केवळ जुन्या पुरांचा नाही. माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तरी माणसे उतरवली जातात. आत एक जण गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, कधी त्याच्यामागे तिसराही. आणि वर येतात ती प्रेते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘दुर्घटना’ म्हणून चार ओळी येतात. त्या दुसऱ्या माणसाने जे केले, ते टॉम लीने केले त्याहून वेगळे नाही. त्यालाही आत काय आहे हे ठाऊक होते आणि तरी सोबत्यासाठी तो उतरला. त्याच्यासाठी दगड उभारला नाही तरी चालेल. पण मग त्याला वीरही म्हणू नका, शहीदही म्हणू नका. आधी तिसऱ्याला उतरवणे थांबवा. शौर्याची गरजच पडू नये असे जगणे प्रत्येकाला मिळणे, हेच या साऱ्या लोकवीरांचे खरे स्मारक होईल.